आरोग्यविचार : केस अकस्मात गळू लागले तर

शेगावच्या बाजूस माणसांचे केस तीन दिवसांत गळून टक्कल पडते, ही वार्ता जानेवारी २०२५ मध्ये वृत्तपत्रांतून आली, तेव्हापासून आपल्याकडील घराघरांत केसांविषयी एक नवेच भय शिरले आहे. नंदुरबार, शहादे, तळोदे येथून भुसावळमार्गे श्रीगजानन महाराजांच्या दर्शनास जाणारी कुटुंबे थोडी नाहीत. त्यामुळे ही गोष्ट कोठे दूरदेशी घडली असे कोणास वाटले नाही. फणीत चार केस अधिक दिसले की "शेगावचा तो प्रकार तर नव्हे?" असे सासूबाई सुनेस विचारतात. शेगावास जाऊन आले तर काही बाधा होईल काय, कोठारातील सालाचा गहू टाकून द्यावा काय, एकाचे दुसऱ्यास लागते काय, अशा पृच्छा या सदराकडेही आल्या आहेत. तेव्हा या खेपेस दुसरे सर्व विषय बाजूस ठेवून याच एका गोष्टीचा विचार करू.

प्रथम तेथे घडले काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा आदी गावांतील लोकांच्या डोक्यास प्रथम खाज सुटू लागली. मग केसांत हात घातला की पुंजका हातात येई, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके उघडे पडे. लहान मुलापासून सत्तरी ओलांडलेल्या वृद्धापर्यंत सर्व वयांची माणसे त्यात होती. पुढे अठरा गावांत मिळून २७९ जणांची नोंद झाली. कोणी म्हणे बुरशी आहे, कोणी म्हणे पाणी वाईट आहे. पाण्यावरचा संशय अगदीच अस्थानी नव्हता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे आणि तपासणीत पाण्यात क्षार व नायट्रेट पुष्कळ निघाले. परंतु खारे पाणी तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या पीत आले आहेत. त्याने केस रुक्ष होतील, तीन दिवसांत सबंध डोके रिकामे होणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक दिल्ली व चेन्नई येथून आले आणि रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने घेऊन गेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आढळले.

याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः त्या गावांत जाऊन चौकशी केली. विंचवाच्या दंशावरील उपचाराने ज्यांनी कोकणातील शेकडो मुलांचे प्राण वाचविले आणि ज्यांस २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेच हे डॉक्टर. त्यांनी रोग्यांच्या घरांतील शिधावाटप दुकानाचा गहू ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतला. साधारण गव्हात दर किलोस फार तर १.९ मिलिग्रॅम सेलेनियम असावयाचे, तेथे १४.५२ मिलिग्रॅम निघाले. गहू पंजाबातून आलेला होता, असे गोण्यांवरील खुणांवरून त्यांनी सांगितले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या पस्तीसपट, मूत्रात साठपट आणि केसांत दीडशेपट होते. शिवाय त्यांच्या अंगात जस्ताचे प्रमाण फार कमी होते. गव्हाच्या उगमाविषयीचे अनुमान डॉ. बावस्करांचे आहे, हे ध्यानात ठेवावे. तथापि शरीरात सेलेनियम वाढले होते आणि केस जाण्याची तऱ्हा त्या विषाच्या ज्ञात लक्षणांशी तंतोतंत जुळत होती. एप्रिल २०२५ मध्ये याच भागात काहींची नखे वेडीवाकडी होऊन गळू लागली, तेव्हा तर शंकेस जागा फारशी उरली नाही. कारण सेलेनियम केसांच्या पाठोपाठ नखांवर येते.

असे का व्हावे? सेलेनियम हा गंधकाचा जवळचा भाऊबंद. रसायनशास्त्राच्या कोष्टकात तो गंधकाच्या लगेच खालच्या घरात बसतो आणि गुणधर्मानेही त्याच्यासारखाच आहे. केस व नखे ज्या द्रव्याची बनतात त्यात गंधक पुष्कळ असतो, आणि गंधकाच्या साखळ्यांनीच केसास बळकटी येते. अंगात सेलेनियम भरमसाट झाले म्हणजे ते या साखळ्यांत गंधकाच्या जागी जाऊन बसते, अशी उपपत्ती आहे. मग केस मुळाजवळच ठिसूळ होऊन तुटतो. विटांच्या भिंतीत मधूनमधून मातीचे गोळे बसवावे, तशातला हा प्रकार. हेच द्रव्य अत्यल्प प्रमाणात आपल्यास अत्यावश्यक आहे, हा यातील विलक्षण भाग होय. चीनमध्ये केशान नावाच्या प्रांतभागात ते जमिनीत फार कमी, म्हणून तेथे मुलांस व तरुण स्त्रियांस हृदयाचा एक घातक रोग होत असे. उलट त्याच देशात हुपे प्रांतातील एन्शी येथे १९६१ ते १९६४ या अवर्षणाच्या काळात भाताचे पीक बुडाले, लोकांनी सेलेनियमयुक्त जमिनीतला मका व भाजी अधिक खाल्ली, आणि सर्वांत वाईट पाच गावांत जवळजवळ निम्म्या माणसांचे केस व नखे गेली. अमेरिकेच्या पश्चिमेस १८५०-६० च्या दशकात लष्करी घोड्यांच्या आयाळी व शेपट्या झडत, खुरे गळत. त्याचे कारण याच जमिनीतील गवत, हे पुढे पाऊणशे वर्षांनी उमगले. आपल्या पंजाबात होशियारपूर व नवांशहर या शिवालिकच्या पायथ्याच्या भागात अशी जमीन आहे, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठास पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. तेथील गुराढोरांची खुरे व शिंगे गळाल्याच्या नोंदी आहेत.

आता आकडेमोड करून पाहू. कारण अशा भयास आकड्यासारखे औषध नाही. प्रौढ माणसाने दिवसास ४०० मायक्रोग्रॅमहून अधिक सेलेनियम घेऊ नये, अशी मर्यादा शास्त्रज्ञांनी घातली आहे. गरज त्याच्या फार तर सातव्या हिश्शाची. डॉ. बावस्करांस सापडलेल्या गव्हाच्या तीनशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या एका माणसाने रोज खाल्ल्या, तर त्याच्या पोटात सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाते, म्हणजे मर्यादेच्या दहापटीहून अधिक. घरोघरी पुष्कळ दिवस हे चालले, तेव्हा कोठे डोकी रिकामी झाली. यावरून शेगावास दोन दिवस राहून, चार घास जेवून कोणाचे केस जाणार नाहीत हे उघड आहे. ते एकाचे दुसऱ्यास लागतही नाही. एकाच घरातील अनेकांस झाले, ते एकाच कणगीतले धान्य सर्वांनी खाल्ले म्हणून.

आणि येथेच आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांनी थांबून विचार करावा असा मुद्दा आहे. चैत्र-वैशाखात सालाचा गहू एकदम भरावयाचा, उन्हे द्यावयाची, बोरिक पूड लावावयाची व पुढील चैत्रापर्यंत पंधरा माणसांनी तोच खावयाचा, ही आपली रीत. ती काटकसरीची व चांगली आहे. सोडावी असे मुळीच म्हणावयाचे नाही. पण सबंध घराचे अन्न एका शेतातून, एका व्यापाऱ्याकडून येते हाही तिचा अर्थ होतो. आपल्याकडचा गहू बहुधा खानदेशातला किंवा माळव्याकडचा असतो. सेलेनियमयुक्त म्हणून भारतात नोंदलेली जमीन मुख्यतः पंजाब-हरियाणात आहे. तेव्हा शेगावची वार्ता वाचून कोठारातील पोती उकिरड्यावर टाकण्याचे काही कारण नाही. ज्यांच्या घरी परप्रांतीय गहू येतो त्यांनी दोन ठिकाणचा गहू मिसळून दळावा, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस पोळीऐवजी दादरची भाकरी, बाजरी, नागली असू द्यावी. आपल्या आज्यांची ही सहज चाल होती. गव्हाची पोळी रोज दोन्ही वेळा हे मोठेपणाचे लक्षण मानू लागल्यापासून ती मोडली. गहू धुऊन घेतला तर चालेल, असे कोणास वाटेल. डॉ. बावस्करांनी धुऊनही पाहिला, तर १४.५२ चे १३.६१ एवढेच झाले. विष दाण्याच्या आत असते, सालीवरच्या धुळीत नव्हे.

बाजारात "केसांचे टॉनिक" म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचावी. त्यांत बहुतेक वेळा सेलेनियम असतेच. अमेरिकेत २००८ मध्ये एका पौष्टिक पेयात कारखान्याच्या चुकीने लिहिल्याच्या दोनशेपट सेलेनियम पडले, आणि दोनशेहून अधिक माणसांस बाधा होऊन त्यांतील बहुतेकांचे केस गेले. पौष्टिक म्हणून घेतलेल्या पेयाने केस घालविले! त्याच गोळ्यांतील बायोटिनमुळे थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडे खोटे येतात, ही गोष्टही डॉक्टरांस सांगितल्याशिवाय कळत नाही. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्या आणि घेत होतो हे स्पष्ट सांगावे.

हे झाले दुर्मिळ कारण. आपल्या घरांतील बहुतेक केसगळतीचा शेगावशी काडीचा संबंध नसतो. ती कशी ओळखावी, याची किल्ली पंचांगात आहे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतील प्रत्येक दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवडे वाढ आवरती घेतो, मग सुमारे तीन महिने स्वस्थ विसावतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा वर येतो. प्रत्येकाची वेळ निराळी, म्हणून दिवसास पन्नास ते शंभर केस जाणे ही नित्याची गोष्ट. पण अंगास एखादा मोठा धक्का बसला, म्हणजे दहा-पंधरा दिवस ताप राहिला, विषमज्वर, डेंग्यू, हिवताप झाला, शस्त्रक्रिया झाली, किंवा कोणी हट्टाने उपाशी राहून वजन उतरविले, तर वाढीच्या अवस्थेतील हजारो केस एकदम विश्रांतीस जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन महिने लोटले, आजार विसरला गेला, मनुष्य कामाला लागला, की ते सारे केस एकाच सुमारास गळू लागतात. म्हणून केस भाद्रपदात गेले तर कारण ज्येष्ठ-आषाढात शोधावे. कालच बदललेल्या साबणास वा तेलास दोष देणारे पुष्कळ असतात, आणि तो बहुधा निरपराधी असतो.

बाळंतिणीचे केस याच नियमाने जातात. गरोदरपणात गळावयाचे केस शरीर थोपवून धरते आणि प्रसूतीनंतर ते सर्व मिळून बाकी वसूल होते. मूल ओळखू लागले, हसू लागले की आईचे केस गळतात, असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात. निरीक्षण खरे आहे. मूल हसू लागते तेव्हा बाळंतपणास दोन-तीन महिने झालेले असतात. म्हणून त्या हसण्यावर दृष्टीचा मीठ-मोहरीचा उतारा करण्याऐवजी सुनेच्या ताटात दूध, वरण व पालेभाजी अधिक वाढावी. अशी गळती डोक्यावर सर्वत्र सारखी असते, कोठे गोल टक्कल पडत नाही, आणि गळालेल्या केसाच्या टोकास बारीक पांढरी गाठ दिसते. सहसा सहा महिन्यांत ती आपोआप थांबते. औषध लागत नाही, धीर लागतो. आणि धीर देणारे माणूस घरात आधीच घाबरलेले असेल तर तो कोठून मिळणार?

या प्रकारात आणि शेगावच्या प्रकारात भेद करणे कठीण नाही. विषाने वाढता केसच तुटतो, म्हणून कारणापासून काही दिवसांत तो जातो आणि डोक्यासह भुवया, पापण्या, अंगावरचे केसही जाऊ शकतात. नखांवर पांढऱ्या रेघा उमटतात, श्वासास लसणीसारखी घाण येते, मळमळ, जुलाब, थकवा, हातापायांस मुंग्या ही लक्षणे सोबत असतात. पूर्वी उंदरांच्या विषात वापरले जाणारे थॅलियम पोटात गेले तर दोन-तीन आठवड्यांत केस जातात आणि तळपायांची असह्य आग होते. केवळ केस गळताहेत व माणूस एरवी ठणठणीत आहे, तर विषाचा संशय मनातून काढून टाकावा.

एकाच घरात तिघींचे केस एकाच महिन्यात गळत असले, तरी कारण एकच असेल असे नाही. समजा, धाकट्या सुनेस तिसरा महिना लागला आहे, म्हणजे बाळंतपणाचा. मधल्या सुनेस पावसाळ्यात डेंग्यू येऊन गेला आहे, आणि नातीच्या डोक्यावर रुपयाएवढी एक गोल जागा उघडी पडली आहे. तिघींच्या गळतीची तीन कारणे व तीन उपाय. एकाच तेलाची बाटली तिघींच्या डोक्यांवर रिकामी करणे हा त्यांतला एकही नव्हे.

मधल्या सुनेविषयी आणखी बोलले पाहिजे. सहा महिने होऊनही गळती थांबत नसेल तर रक्त तपासून घ्यावे: हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन, आणि थायरॉईड. सुशिक्षित घरातही स्त्रियांत रक्तक्षय इतका सामान्य आहे की त्याची आपल्यास लाज वाटावयास हवी. कारणे घरातच आहेत. पुरुषांची व मुलांची पंगत उठल्यावर उरलेल्यावर भागविणे अजूनही पुष्कळ घरांत चालते. चातुर्मासात एकादश्या, सोमवार, चतुर्थ्या धरून महिन्यास आठ-दहा दिवस साबुदाणा व बटाटा यांवर जातात. साबुदाण्यात पोट भरण्यापलीकडे केसास उपयोगी असे काहीच नाही. उपवास मोडा, असे हे सदर सांगणार नाही. पण शेंगदाणे, दूध, दही, राजगिरा, भगर हे पदार्थ उपवासास चालतात, ते आधी ताटात घ्यावे. आणि रोजच्या जेवणात वरणाची वाटी सुनांसाठी आधी काढून ठेवावी. आठवणीने कोणी ठेवीत नाही, म्हणून नियमाने ठेवावी.

येथे नंदुरबारकरांस एक विशेष सूचना आहे. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी सिकल सेलची तपासणी करून घ्यावी. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत हा आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणात आहे. तो एकाच समाजाचा मात्र नव्हे. ज्यास तो आहे आणि ज्यास वारंवार रक्त द्यावे लागते, त्याच्या अंगात लोह आधीच अधिक साचलेले असू शकते, तेव्हा स्वतःच्या मनाने लोह घेणे त्यास अपायकारक होते. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून सरकारी दवाखान्यांत तपासणी होते. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईच्या मुलाचे केस विरळ, तांबूस व ओढताच हाती येणारे दिसले, पाय सुजलेले असले, तर "केस धुवत नाही का ग?" असे तिला विचारू नये. अक्कलकुवा व धडगावच्या डोंगरांत ती कुपोषणाची खूण असते. मूल अंगणवाडीत व प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले पाहिजे, आणि दूध-डाळ आपल्या घरूनही जाऊ शकते.

नातीच्या डोक्यावरील गोल जागेची दोन कारणे प्रमुख. जागा गुळगुळीत असेल, खवडे नसतील, तर ती चाई. सुश्रुताने इंद्रलुप्त म्हणून वर्णिली ती बहुधा हीच. केसांस कीड लागली, असे आपल्यात म्हणतात. पण तेथे कीड नसते. शरीराची रक्षणशक्तीच भ्रमाने केसांच्या मुळांवर चालून जाते. चाई लागट नाही, आणि एखाददुसरीच जागा असेल तर पुष्कळांस वर्षभरात केस परत येतात. लवकर यावेत म्हणून त्वचारोगतज्ज्ञ त्या जागी औषध टोचतात किंवा मलम देतात. जागा वाढत चालली तर विलंब करू नये. तीवर गुंज उगाळून लावण्याचा उपाय आपल्या घरांतून अद्याप सांगितला जातो. गुंजेच्या बीत अत्यंत जहाल विष आहे. ते कच्चे फोडून उगाळलेले मुलाच्या ओरखडलेल्या कातडीस लागले किंवा बोटांवाटे पोटात गेले तर चाईपेक्षा जिवाची चिंता करावी लागेल. जुन्या वैद्यक ग्रंथांत हस्तिदंताची राख हाही उपाय आहे. तो निदान आता कायद्यानेच दुर्लभ झाला, हे हत्तींचे नशीब! माका, आवळा, जास्वंद यांच्या तेलांविषयी तक्रार नाही. त्यांनी केस मऊ राहतात, मालिश सुखाची वाटते. गेलेला केस मात्र त्यांनी उगवत नाही.

त्या जागेवर कोंड्यासारखे खवडे असतील, केस मुळापासून न जाता तुटून काळे ठिपके राहिले असतील, खाज असेल, तर तो डोक्याचा नायटा. तो लागट आहे, आणि एकत्र कुटुंबात पाच-सात मुले एकाच फणीने विंचरली जातात तेथे तो झपाट्याने पसरतो. वरून मलम लावून तो बरा होत नाही. बुरशीवरील गोळ्या पोटातून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, काही आठवडे नियमाने द्याव्या लागतात. फण्या, टॉवेल, टोप्या, उशांचे अभ्रे निराळे ठेवून ते उकळत्या पाण्यात घालावे. घरच्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगावरही तशी जागा आहे का, तेही पाहावे. डोके मुंडून घेतल्याने बुरशी जात नाही, मूल मात्र रडते.

मुंडनाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. शेगावच्या गावांत काही मुलांनी आपणहून डोकी भादरून घेतली, लोक त्यांच्याजवळ बसेनात, ठरलेली लग्ने अडली, अशा वार्ता आल्या. हे दुःख केसांचे नाही. आपल्या समाजात स्त्रीच्या मस्तकावरील केसास जो अर्थ चिकटला आहे त्याचे आहे. ज्या घरांत तीन पिढ्यांमागे विधवेच्या केसांवर वस्तरा चालविला जाई, आणि त्याविरुद्ध आगरकरांस १८८८ मध्ये निघालेल्या 'सुधारका'तून झगडावे लागले, त्या घरांत मुलीचे केस गेले की म्हाताऱ्या माणसांच्या मनात काय दाटून येते ते त्यांचे त्यांसही कळत नाही. म्हणून त्या मुलीदेखत "आता हिचे कसे व्हावयाचे" हे वाक्य उच्चारू नये. शाळेत तिने रुमाल बांधावा, केस आखूड कापावे, की तसेच जावे, हे तिला ठरवू द्यावे. मुख्याध्यापकांस एक चिठ्ठी लिहून हा रोग लागट नाही असे वर्गात सांगावयास विनंती करावी. तेवढ्याने पुष्कळ काम होते.

केस परत येताना प्रथम लव येते, कधी पांढुरकीही असते. त्यावरून घाबरू नये. महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने ते वाढतात. खांद्यापर्यंत पोचावयास दोन-अडीच वर्षे आणि कमरेपर्यंतच्या वेणीस त्याच्या दुप्पट काळ लागणार. सेलेनियमच्या विषबाधेवर उतारा म्हणून काही औषध नाही. दूषित अन्न थांबले की शरीर आपणच ते बाहेर टाकते. शेगावच्या गावांतही पुष्कळांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले.

तरीही एखाद्या घरात किंवा एखाद्या गल्लीत, वयाचा वा आजाराचा काही मेळ नसताना, तीन-चार माणसांचे केस एकाच आठवड्यात पुंजक्यांनी गेले, तर मग घरगुती तर्क बंद करावे. त्या दिवसापासून ते पीठ व ते धान्य खाणे थांबवून दुसरीकडचे आणावे, पण जुने फेकू नये. त्यातील अर्धा किलो गहू व पावशेर पीठ निरनिराळ्या स्वच्छ कोरड्या बरण्यांत भरून, वर तारीख व कोठून आणले ते लिहून ठेवावे. गोणीवरील चिठ्ठी किंवा छाप कापून सोबत ठेवावा. पाण्याचाही एक बाटलीभर नमुना घ्यावा. पहिला केस कोणाचा, कोणत्या तारखेस गेला, नखे कशी आहेत, घरात कोणी निराळे धान्य खाते का, आणि त्याचे केस शाबूत आहेत का, हे एका कागदावर मांडावे. कोणी उपवासाचेच खाते, कोणी परगावी शिकते, अशी माणसे एकत्र कुटुंबात असतातच, आणि त्यांची साक्ष फार मोलाची. हा कागद व बरण्या घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे त्वचारोगाच्या डॉक्टरांस दाखविता येईल. डोके मात्र त्याआधी भादरून टाकू नये. गळालेले केस कागदाच्या पुडीत घालून तेही सोबत न्यावे, कारण अंगात काय साचले होते ते पुष्कळदा केसांतच सापडते.